एकशे सत्तावीस क्रमांकाचा पत्ता

नाशिक आणि परिसरातील कारखान्यांची व पॅकहाऊसची, म्हणजे फळे निवडून बांधण्याच्या केंद्रांची, संगणक नेटवर्क उभारणे आणि सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना, पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका पॅकहाऊसमधून सकाळीच फोन आला. प्रीकूलिंगच्या चार नव्या खोल्या आदल्या दिवशी सुरू झाल्या होत्या, परंतु त्यांतील तापमान नोंदवणाऱ्या लॉगरची एकही नोंद कार्यालयातील सर्व्हरवर येत नव्हती. काढणी झालेल्या द्राक्षाची ऊब शक्य तितक्या लवकर काढून ते चार अंशांच्या आसपास आणावे लागते, आणि ते तसे आणल्याची सलग नोंद निर्यातीच्या मालाबरोबर दाखवावी लागते. लॉगरच्या पडद्यावर तापमान दिसत होते, म्हणजे माल सुरक्षित होता. नोंद मात्र कोरी होती.

आडगाव नाक्यावरून महामार्गाला लागलो आणि तासाभरात तिथे पोहोचलो. व्यवस्थापकांनी दोष ठरवूनच टाकला होता. पॉलिटेक्निक नुकतेच संपवून कामाला लागलेल्या मुलाने केबलचे क्रिंपिंग, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवण्याचे काम, केले होते आणि त्यानेच ते बिघडवले, असे त्यांचे म्हणणे होते. तो मुलगा सकाळपासून तीन वेळा कनेक्टर कापून पुन्हा बसवून बसला होता. “सर, स्विचवर दिवे लागतायत, तरी पिंग जात नाही,” एवढेच तो मला म्हणाला. पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राकडून उत्तर येते का, हे पाहणारा छोटा संदेश.

मी नवव्या खोलीतील लॉगरची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली, १९२.१६८.४०.१४० हा नेटवर्कवरचा पत्ता दिला आणि गेटवेला, म्हणजे त्या भागातून बाहेर जाण्याच्या राउटरवरच्या पत्त्याला, पिंग केले. उत्तर लगेच आले. केबल निर्दोष होती आणि क्रिंपिंगही उत्तम होते. मग त्या लॉगरला दिलेला पत्ताच लॅपटॉपला देऊन पाहावा म्हणून मी पत्त्याचा शेवटचा आकडा १२७ आणि मास्क, म्हणजे पत्त्यातील नेटवर्कचा भाग कोणता आणि होस्टचा, म्हणजे यंत्राचा, कोणता हे ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५५.१९२ असे भरले. विंडोजने तो पत्ता घेण्यास साफ नकार दिला. पत्ता आणि मास्क यांची ही जोडी अवैध आहे, होस्टच्या भागातील सर्व बिट एक आहेत, असा संदेश समोर आला. लॉगरने मात्र हाच पत्ता निमूटपणे स्वीकारला होता. अशा लहान उपकरणांत ही तपासणी असेलच असे नाही.

मुलाकडे पत्त्यांचा एक छापील तक्ता होता. तो त्याने केलेला नव्हता. नेटवर्क उभारणाऱ्या आधीच्या ठेकेदाराने तो दिला होता. त्यात २५६ पत्त्यांचे चार भाग केले होते आणि प्रत्येक भागात ६२ होस्ट धरले होते, इथपर्यंत सारे बरोबर होते. पुढे मात्र कार्यालयाला १ ते ६२, पॅकिंगला ६३ ते १२४, शीतगृहाला १२५ ते १८६ आणि कॅमेऱ्यांना १८७ ते २४८ असे पत्ते सलग मांडले होते. चूक इथेच होती.

२५५.२५५.२५५.१९२ या मास्कलाच /२६ म्हणतात; त्यात पत्त्याच्या ३२ बिटांपैकी २६ नेटवर्कचे असतात आणि होस्टसाठी सहा बिट उरतात, म्हणून प्रत्येक भाग ६४ पत्त्यांचा होतो आणि भागांची सुरुवात ०, ६४, १२८ आणि १९२ वरच होते. अशा भागाला सबनेट म्हणतात. त्यातील पहिला पत्ता त्या सबनेटचा स्वतःचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सर्व यंत्रांना एकदम संदेश पाठवण्याचा, असतो. हे दोन्ही यंत्रांना देता येत नाहीत, पण मोजणीतली आपली जागा ते सोडत नाहीत. एसटीत वाहकाचे आसन प्रवाशाला मिळत नाही, म्हणून ते गाडीतून नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. तक्ता करणाऱ्याने ६४ मधून २ वजा केले आणि उरलेले ६२ एकापुढे एक लावले; त्यामुळे दुसऱ्या भागाची सुरुवात २ ने, तिसऱ्याची ४ ने आणि चौथ्याची ६ ने अलीकडे सरकली. खरी मर्यादा अनुक्रमे १ ते ६२, ६५ ते १२६, १२९ ते १९० आणि १९३ ते २५४ अशी होती.

मग ही चूक इतके दिवस कशी लपली? राउटरवर शीतगृहाचा गेटवे योग्य जागी, म्हणजे १२९ वर होता, आणि जुन्या सहा खोल्यांचे लॉगर १३० ते १३५ वर बसवलेले होते. नव्या चार खोल्यांसाठी मुलाने तक्त्यात शिल्लक दिसणारे १२५, १२६, १२७ आणि १२८ हे पत्ते घेतले. त्यांतील पहिले दोन पॅकिंगच्या सबनेटमधील होते, त्यामुळे १२९ हा गेटवे त्यांच्या दृष्टीने परक्या सबनेटमध्ये होता. १२७ हा ब्रॉडकास्ट आणि १२८ हा सबनेटचा पत्ता. चौघेही एकाच सीमारेषेच्या आसपास, आणि चौघेही निकामी.

मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला १२७ चे आठ बिट लिहिले, ०१ आणि पुढे सहा एक; त्याखाली १२८ चे, १० आणि पुढे सहा शून्ये. दोहोंमध्ये दुसऱ्या बिटानंतर उभी रेघ मारली. मुलगा क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे सर, रेघेच्या उजवीकडे सगळे एक किंवा सगळी शून्ये आली, की तो पत्ता द्यायचा नाही.” मी त्याला हेही सांगितले की दोन राउटरांमधील थेट जोडणीसाठी /३१, म्हणजे दोनच पत्त्यांचा भाग, वापरताना हे बंधन नसते आणि तिथे दोन्ही पत्ते चालतात, २००० साली निघालेल्या आरएफसी ३०२१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तशी तरतूद आहे. नियम कारणासह कळला, तरच त्याचा अपवादही कळतो, म्हणून मी हे शिकवताना टाळत नाही.

लॉगरना १३६ ते १३९ हे पत्ते दिले. चौथ्या लॉगरची पहिली नोंद सर्व्हरवर उमटली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. केबलमध्ये दोष नव्हता आणि मुलाने तक्त्याप्रमाणेच काम केले होते, हे मी व्यवस्थापकांना त्याच्यासमोर सांगितले. त्यांनी “चुकलंच माझं” असे म्हणून त्याला आधी जेवायला पाठवले.

निघण्यापूर्वी जुना तक्ता पुन्हा पाहिला, तेव्हा कॅमेऱ्यांच्या रकान्यात फाटकावरच्या नव्या कॅमेऱ्यासाठी १९१ हा पत्ता पेन्सिलीने राखून ठेवलेला दिसला. मी तो खोडला. जेवून परतलेल्या मुलाने शेजारी स्वतःच्या हाताने २१० लिहिले आणि त्याखाली १९३ ते २५४ ही मर्यादाही मांडली.