रोजी किती?

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, रात्र

आज एका बाईनं मला रोजी विचारली. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. संध्याकाळची सभा झाली, विधानसभेला अपक्ष उभ्या असलेल्या आमच्या ताईंचं भाषण चांगलं झालं, दोन गावांतले पोट्टे आपण होऊन कामाला येतो म्हणाले. हे सगळं लिहायचं होतं. पण लेखणी तिथेच अडते आहे.

या दिवसांत गावात दुपारी कोणी सापडत नाही. सोयाबीन निघालं, कापूस फुटला, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू आहे. घरांना कड्या, ओट्यावर फक्त म्हातारे. म्हणून वावरातच जावं लागतं. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक पऱ्हाटीचं वावर आहे, तिथे आठ-दहा बाया वेचणीला लागल्या होत्या. ताई धुऱ्यावर उभ्या राहून बोलत होत्या. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळतात, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ आणि व्यापारी त्याच्याही खाली मागतो, संत्र्यावर बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं आणि बागाईतदार बसला. बाया वेचता वेचता ऐकत होत्या. हात कोणाचा थांबला नव्हता. थांबणार कसा, दहा रुपये किलोनं वेचणी आहे.

मी मागून ओळीओळीनं पत्रकं देत जात होते. "मावशी, चिन्ह शिलाई मशीन, लक्षात ठेवा. नाव खालच्या बाजूला आहे." अपक्षाचं नाव यंत्रावर पक्षवाल्यांच्या खालीच येतं, त्यामुळे बोट वरून खाली कसं न्यायचं ते प्रत्येकीला दाखवावं लागतं. त्यातल्या एका मावशीनं पत्रक घेतलं नाही. तिची दोन्ही बोटं बोंडात होती. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या, त्यावर हळद की चुना काहीतरी लावलेलं. तिनं कापूस ओढून कमरेच्या ओटीत कोंबला, पाठ सरळ केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि सहज विचारलं,

"तुमाले रोजी किती देतात वं बाई?"

"काहीच नाही मावशी. आम्ही असंच फिरतो."

"असंच?"

"हो. ताईंसाठी."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सांगत नसान तं नोका सांगू. मी का मांगून राह्यली?"

एवढंच. यापेक्षा कितीतरी वाईट बोलणं या प्रचारात ऐकलं आहे. एका गावात तर तोंडावर दार लावून घेतलं, एका पुढाऱ्यानं चहा पाजून "बसवून घ्या ना ताईले, कायले खर्च करता" असं गोड बोलून सांगितलं. त्यातलं काही झोपेच्या आड आलं नाही. आणि हे येतंय.

मला लागलं ते हे, की तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मी खरं बोलत होते. ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली आहे, ऐन ऑडिटच्या मागच्या कामात, आणि परत गेल्यावर खुर्ची असेल की नाही ते साहेबच जाणोत. भाऊबीजेचं तर लिहीतच नाही. धाकटीची सहामाही झाली, तिचे पेपर कसे गेले ते मला तिच्या आत्याकडून कळलं. ह्यांचा फोन रात्री येतो, "जेवलीस का" विचारतात आणि ठेवतात. पूर्वी ठेवत नसत. आवाज बसला आहे, टाचा उलल्या आहेत, नागपूरच्या घरी आठवड्यातून एखादी रात्र, तीही काटोल नाक्याला उतरायला अकरा वाजतात. एवढं करून मी कोणाची तरी रोजानं लावलेली बाई. आणि वर खोटारडी. रोजी घेते आणि सांगत नाही.

रडू आलं मला आज. जीपमध्ये मागे बसले होते, कोणाला दिसलं नाही.

पण मग ती तरी का म्हणून विश्वास ठेवणार? सभेला गाडी येते, माणशी तीनशे-चारशे मिळतात, जेवण वेगळं, हे गावात लहान पोरालाही माहीत आहे. त्या दिवशीचं वेचणीचं नुकसान भरून निघतं, म्हणून बाया जातात. त्यात त्यांचं काय चुकलं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. झेंडे धरणाऱ्यांना पैसे मिळतात, घोषणा देणाऱ्यांना मिळतात, मतदानाच्या आदल्या रात्री काय होतं ते तर सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. लाडकी बहीणचे पंधराशे ऑगस्टपासून खात्यात येतात, ते बायांना खरंच उपयोगी पडतात, आणि गावोगाव त्यांचा प्रश्नही सरळ असतो: "तुमी आल्या तं किती द्यान?" या सगळ्यात एक बाई भरदुपारी काट्याकुट्यातून येते आणि म्हणते मी फुकट फिरते. मी तिच्या जागी असते तर मीही मुकादमाच्या वजनकाट्याकडे बघावं तसंच त्या बाईकडे पाहिलं असतं.

हे सगळं समजतं. तरी लागतंच.

रात्री खर्चाची वही लिहिताना परत तेच. डिझेल, स्पीकर, पोहे, चहा, पत्रकं. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव आणि प्रती किती ते आहे ना, पुन्हा पाहून घेतलं. विधानसभेला उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. आम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही, तरी वही निरीक्षकांना तीनदा दाखवायची आणि निकालानंतर ३० दिवसांत सगळा हिशेब द्यायचा. चहाचा भावसुद्धा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाशी ताडून बघावा लागतो. मला हे काम आवडतं, ते माझं आहे. कार्यकर्त्यांच्या मेहनतान्यापुढे मी रोज 'निरंक' लिहिते. आजवर लिहिताना छान वाटायचं. ताईंनी अर्ज भरायच्या आधीच सांगितलं होतं, आपल्याकडे कोणालाही पैसे मिळणार नाहीत, ज्याला यायचं त्यानं मनानं यावं. अर्जावर सह्या करणारे दहा सूचक उभे केले तेव्हा त्या दहापैकी एकानंही पैशाचं विचारलं नव्हतं. तो दिवस आठवला की अजून भरून येतं.

आज निरंक लिहिलं आणि वाटलं, हा शब्द त्या मावशीला दाखवला असता तर तिनं काय म्हटलं असतं.

नाही, खरं तर तिनं म्हटलंच. बोलणं तिथे संपलं नव्हतं, मीच मघाशी लिहायचं टाळलं.

ती पुन्हा वाकली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, मी बाहेरची नाही. माझं माहेर मोवाडचं. पुराच्या वर्षी किती गावचे लोक आले होते. त्यांना कोणी रोजी दिली होती का?"

३० जुलै १९९१. वर्धेचं पाणी गावात शिरलं तेव्हा मी दुसरीत होते आणि आईसोबत काटोलला मामाकडे होते, म्हणून आज आहे. दोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या आळीतली किती, ते आईनं कधी एका दमात सांगितलं नाही. त्यानंतर लोक येत राहिले. भाकरी बांधून आणणारे, लुगडी-धोतरं आणणारे, चिखल उपसणारे. त्यातल्या कोणाचं नाव मला माहीत नाही. मी ताईंसोबत का फिरते असं कोणी विचारलं की मी पाण्याचं, कापसाचं, शाळेचं सांगते, पण मनात ते लोक असतात. माणूस माणसासाठी उगाच येतो हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मी ते तिच्यापुढे ठेवलं. तिलाही ते आठवत असणार, तिचं वय तेवढं आहे.

आठवत होतं तिला. मान हलवली. हात चालूच.

"थे लोकं मत मागाले नोते आले, बाई."

यावर मला काही बोलता आलं नाही. ताईंचं बोलणं संपलं, आम्ही जीपमध्ये बसलो.

आता रात्री वाटतंय की एवढ्या दिवसांत इतकं नेमकं मला कोणी बोललं नव्हतं. ते लोक देऊन गेले. आम्ही मागायला गेलो आहोत. कितीही चांगल्या कामासाठी असो, मागतोच आहोत. पाच वर्षांत एकदा तिच्या हातात अशी एक गोष्ट येते की जिच्यासाठी मोठमोठी माणसं तिच्या दारात येतात. ती गोष्ट मी तिच्याकडे मागत होते, आणि वर मी काहीच घेत नाही म्हणत होते. तिच्या हिशेबात ते बसलं नाही. मी हिशेबाचीच बाई, माझ्याही हिशेबात नीट बघितलं तर बसत नाही.

आणि तिनं रोजी विचारली ती टोमणा म्हणून नव्हती, हे तर आता लख्ख दिसतंय. बाया एकमेकींना हेच विचारतात. माझी आई दुसऱ्या गावच्या बाईशी बोलायला लागली की पहिलं वाक्य हेच असायचं, तुमच्याकडे निंदणाला काय चालू आहे, वेचणीला काय चालू आहे. उन्हात फिरणारी, तोंडाला रुमाल बांधलेली, हातात कागदाचा गठ्ठा घेतलेली मी तिला कामावरची बाई दिसले. तिच्यासारखी. तिनं बरोबरीनं विचारलं. ताईंना कोणी असं विचारत नाही, ताईंना "नमस्कार" म्हणतात आणि वाट सोडतात.

आणि त्या अख्ख्या ओळीत हात थांबवला तो तिनं एकटीनं. तेवढ्या वेळात अर्धा-पाव किलो कापूस ओटीत आला असता.

रडू आलं ते आलं, त्याची लाज नाही वाटत. पण आता ते उतरलं आहे. ती शिलाई मशीनचं बटण दाबेल असं मला वाटत नाही. न दाबो. तिच्या गावात आम्हाला दहा मतं पडली तरी पुष्कळ, हे मी ताईंसमोर म्हणणार नाही, इथे लिहिते. चिन्ह मिळालं ४ तारखेला, प्रचार थांबणार १८ तारखेला संध्याकाळी, दोन आठवड्यांत अडीच लाखांवर मतदारांपर्यंत एक मशीनचं चित्र पोचवायचं. जे होईल ते २३ तारखेला कळेल. हरलो तरी मी ऑफिसात परत जाईन आणि साहेबांनी ठेवलं तर त्याच खुर्चीवर बसेन. हरण्याची भीती मला फारशी कधी नव्हतीच. माझं खरं कोणाला खरं वाटणार नाही, याची होती. ते आज झालं, आणि मी जेवले, वही लिहिली.

एक गोष्ट मात्र ताईंशी बोलले. तीनशेच्या वर बूथ आहेत. नरखेडच्या बाजूच्या बऱ्याच बूथवर आम्हाला अजून एजंट नाही. २० तारखेला सकाळी मॉक पोलच्या, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानाच्या आधी जाऊन बसायचं आणि यंत्र सील होईपर्यंत हलायचं नाही. अख्खा दिवस. आम्ही आत्तापर्यंत ज्यांना विचारलं त्यातले निम्मे "पाहतो" म्हणून गेले, आणि मी मनात म्हणत आले की लोकांना तळमळ नाही. आज फोनवर मी म्हटलं, ताई, बूथवर बसणाऱ्याला दिवसाची रोजी द्यायची का? चोरून नाही, वहीत नाव-सही-रक्कम लिहून, नियमानं दाखवून. वेचणी सोडून येणाऱ्या बाईला आपण फुकट बस कशाला म्हणायचं?

ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एकाला दिले की सगळे मागतील. आपलं वेगळेपण काय राहिलं मग?"

मी म्हटलं, मागू द्या. कामाचे मागतील, मताचे नाही.

त्या म्हणाल्या, "सकाळी बोलू." रागावल्या नव्हत्या, पण पटलंही नव्हतं. पैसे आहेत कुठे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही काढला नाही. मी हिशेब मांडून बघितला आहे, सगळ्या बूथना पुरणार नाहीत. जिथे कोणीच नाही तिथल्यापुरते जमतील, संध्याकाळच्या दोन सभांचा मंडप सोडला तर.

उद्या सहाला निघायचं, जलालखेड्याला, बाया वावरात जायच्या आत. जीपमध्ये ताईंना मंडपाचं सांगते.