गोठ्याची घरपट्टी

घरपट्टीची नोटीस वाचून आधी वाटलं, शेजाऱ्यांची चुकून आमच्या दारात पडली. गेल्या वर्षी ३,१४० रुपये भरले होते, यंदा थेट ९,८६०. दर चार वर्षांनी नगरपरिषद फेरआकारणी करते, थोडं वाढणार हे धरलंच होतं. पण तिप्पट?

हरकतीची मुदत संपायच्या आत अर्ज खरडून कर विभागात गेलो. तिथल्या मुलीनं तो वाचून परत माझ्याकडे सरकवला. "काका, 'कर परवडत नाही' असं सगळेच लिहितात. आकारणी यादीचा उतारा काढा, चूक कुठंय ते दाखवा."

उतारा हातात आला आणि हसावं की रडावं कळेना. मागच्या अंगणातला आमचा गोठा. म्हैस विकून बारा वर्षं झाली, आता तिथं एक मोडकी सायकल असते. तो यादीत 'गोदाम, आरसीसी, बिगरनिवासी, ३१ चौ.मी.' म्हणून बसला होता. गोठा पत्र्याचा, १४ बाय १० फुटांचा, म्हणजे १३ चौ.मी. कुणीतरी आकडे उलटे टाइप केले होते. वर बिगरनिवासी म्हणून रोजगार हमी करही लावलेला!

"तो आमचा नाही हो, सरकारचा. शिक्षण करही तसाच," मुलगी म्हणाली. "आम्ही गोळा करून भरायचा, शिव्या तेवढ्या आमच्या."

सुनावणीला तीन तास बाकावर काढले. शेजारी एक निवृत्त लेखापाल स्वतःच्याच घराची हरकत घेऊन आलेले. (जन्मभर दुसऱ्यांच्या नोटिसा काढल्या, असं म्हणत स्वतःच हसले.) मी नगरपरिषदेला नावं ठेवायला लागलो तसे ते म्हणाले, जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, होती तोवर नाक्यावर रोजचे रोज पैसे जमायचे. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली, बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं. ते पगारातच जातं, आणि उशिरा आलं तर पगारही लांबतात. केंद्राकडून येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशाला तर हातच लावता येत नाही; पंधराव्या आयोगात त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला, आणि उरलेल्यातूनही पगार करता येत नाहीत. "हक्काची म्हणावी अशी घरपट्टी आणि पाणीपट्टी. म्हणून तर तुमच्या गोठ्यावर डोळा."

ऐकून राग थोडा निवला. आमच्या गल्लीतले निम्मे दिवे बंद का असतात, तेही जरा उमगलं. पण ३१ चे १३ व्हायलाच हवे होते.

प्रत्यक्ष सुनावणी दोन मिनिटांची. गोठ्याचे फोटो आणि मागच्या आकारणीचा उतारा पुढे ठेवला. साहेबांनी 'स्थळपाहणी करावी' असा शेरा मारला. आठवड्यानं एक पोरगेलासा अभियंता आला. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यानं. पत्रा बोटानं वाजवून बघितला आणि म्हणाला, "मागच्या वेळी बहुतेक गल्लीतूनच मापलंय."

महिन्याभरानं सुधारित बिल आलं : ४,४२०. वाढ आहेच, पण ती मला मान्य आहे. थकलं की शास्ती, म्हणजे दंड, महिना दोन टक्के लागते, म्हणून दुसऱ्याच दिवशी खिडकीवर उभा राहिलो. पावती घेऊन ऐटीत वळणार, तोच आतून तीच मुलगी म्हणाली, "काका, थांबा. पाणीपट्टी दोन वर्षांची थकलीय."