झूकोची आई

रविवार, रात्री

धाकटीशी आज पुन्हा वाद झाला. तिच्या मते 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही ॲनिमेशन मालिका जुलै २००८ मध्ये, ६१ व्या भागाला संपली. राजपुत्र झूकोची गोष्ट पुढे नेणारी कॉमिक्स ती मोजतच नाही. "ताई, आवाज नाही, संगीत नाही, मग तो झूको कसला?" मला हे पटत नाही, पण तिचं दुःख कळतं. झूकोच्या काकाला, आयरोला, आवाज देणारे अभिनेते माको २००६ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या आठवणीला अर्पण केलेला भाग पाहून ती किती रडली होती!

तिचा खरा राग आहे तो 'द सर्च' या कॉमिकवर. शेवटच्या भागात झूको तुरुंगात बापाला, ओझाईला, विचारतो, माझी आई कुठे आहे? आणि मालिका उत्तर न देताच पुढे जाते. उत्तर आलं ते २०१३ साली, जीन लुएन यांग यांनी लिहिलेल्या आणि गुरीहिरू या चित्रकार जोडीने चित्रं काढलेल्या या कॉमिकमध्ये. झूकोची हद्दपार झालेली आई उर्सा आपल्या गावी परतते, चेहरे देणाऱ्या देवतेकडून नवा चेहरा मागून घेते आणि मुलांची आठवणही पुसून घेते. नव्या नावाने, नव्या मुलीसह संसार करते.

"कुठली आई असं करेल?" धाकटी म्हणाली. असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण उर्साचं लग्न जबरदस्तीचं होतं, ओझाई तिची पत्रंसुद्धा वाचायचा. मुलांकडे परत जायची वाट त्याने बंद केली होती. रोज ती आठवण सोसत जगायचं बळ तिच्यात उरलं नसेल, तर मी तिला दोष देणार नाही.

आणि उर्सा विसरली नसती, तर ते पान झालंच नसतं. झूकोची बहीण अझुला तिला मारायला उभी आहे. उर्साला ही मुलगी कोण, हेही आठवत नाही. तरी ती म्हणते की मी खरंच तुझी आई असेन, तर तुझ्यावर पुरेसं प्रेम केलं नाही याबद्दल मला माफ कर. काही आठवत नसताना मागितलेली माफी! त्या पानाला आवाजाची गरजच नाही. उलट तिथे आवाज असता, तर वाचताना मी इतकी थबकले नसते.

'द प्रॉमिस' या दुसऱ्या कॉमिकमधला यू दाओ शहराचा पेच मला याहून जास्त आवडतो, वसाहतीतल्या पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेल्या माणसांना वेगळं कसं करायचं हा. पण त्यावर आमचं भांडण होत नाही. धाकटीलाही तो आवडतो, म्हणजे तीही कॉमिक्स वाचतेच.

एका गोष्टीवर मात्र मी तिच्याशी सहमत आहे. उर्साला सगळं आठवतं तेव्हा झूको समोर असतो, अझुला नाही. ती त्याआधीच जंगलात पळून गेलेली असते. आईने शुद्धीत मागितलेली माफी तिच्या वाट्याला येत नाही, आणि हे मला आजही सहन होत नाही.