कासव जाळ्यात आलं तर

कोकणात कासवांचं काम म्हटलं की पुळणीवरची घरटी आठवतात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. आज रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कितीतरी किनाऱ्यांवर कासवमित्र पहाटे माग काढत फिरतात. हे काम मोलाचं आहे, पण हिशेब तिथे संपत नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. पिल्लांपैकी वयात येईपर्यंत जगतं ते साधारण हजारात एक, असा ढोबळ अंदाज आहे, आणि वयात यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे दहा-बारा घरटी डोळ्यांत तेल घालून राखावीत तेव्हा कुठे त्यातून एक मोठं कासव उभं राहतं. ते ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागे ओढायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, एका ओढीत बुडून मेलं, की ही सगळी राखण वाया गेली.

शिवाय ही कासवं आपल्या किनाऱ्यापुरती राहत नाहीत. २०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली 'बागेश्री' ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. वाटेत किती जाळी लागत असतील याची कल्पना मासेमारी करणाऱ्याला वेगळी द्यायला नको. म्हणून इथून पुढचं मुख्यतः होडीवरच्या माणसांसाठी आहे: तांडेल (होडीचा प्रमुख), खलाशी आणि त्यांच्या घरची शिकलेली मुलं, जी हे वाचून दाखवतील.

कासव पाण्यात राहतं, मग बुडतं कसं? ते फुप्फुसांनी श्वास घेतं. शांतपणे बुडी मारली तर बराच वेळ खाली राहू शकतं, पण जाळ्यात अडकल्यावर जिवाच्या आकांताने हातपाय मारतं आणि साठवलेला प्राणवायू झपाट्याने संपतो. रक्तात आम्ल वाढतं, ते बेशुद्ध पडतं आणि त्याच्या फुप्फुसांत पाणी शिरतं. ट्रॉल किती वेळ ओढला यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत ज्या ट्रॉलना कासव सुटण्याची चौकट लावण्यातून सूट आहे, त्यांना उन्हाळ्याच्या महिन्यांत ५५ मिनिटांत आणि हिवाळ्यात ७५ मिनिटांत जाळं वर घ्यावं लागतं. आपल्याकडे एक ओढ दोन-तीन तास सहज चालते.

जाळं वर आल्यावर कासव हलत नसलं तर 'मेलं' म्हणून ते पाण्यात ढकलतात. सर्वांत मोठी चूक ही. बेशुद्ध कासव आणि मेलेलं कासव दिसायला सारखंच असतं, आणि बेशुद्ध कासव पाण्यात टाकलं की ते बुडणारच. दुसरी चूक म्हणजे उताणं ठेवणं. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उताणं केलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो.

करायचं ते असं. दोघांनी मिळून उचलायचं, एकाने मानेमागची कवचाची कड आणि दुसऱ्याने शेपटीकडची कड धरायची. वल्ह्यासारख्या पायांना धरून ओढायचं नाही, सांधा निखळतो. पोटावर, सावलीत ठेवायचं. मागच्या बाजूखाली दोरीचं वेटोळं किंवा जुना टायर सरकवून ती बाजू किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट, उंच करायची, म्हणजे डोकं खाली राहतं आणि फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निथळतं. कासव मोठं असेल तर उंची आणखी वाढवायची. अधूनमधून कवचाची एक बाजू सात-आठ सेंटिमीटर उचलायची, खाली ठेवायची, मग दुसरी. पाठीवर आणि पायांवर ओलं फडकं टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. बर्फाच्या पेटीत किंवा पाण्याच्या टाकीत ठेवायचं नाही, टाकीतही ते बुडतं. थोड्या थोड्या वेळाने पापणीला हळूच बोट लावायचं, शेपटीला चिमटा काढायचा. पापणी मिटली, शेपूट आखडली, तर जीव आहे.

शुद्धीवर यायला कधी चार तास लागतात, कधी पूर्ण दिवस. चोवीस तासांत काहीच हालचाल नसेल तरच मेलं समजायचं. मासळी उतरवायची, बर्फ भरायचा, परतायचं, या गडबडीत एवढा वेळ थांबणं अवघड वाटतं हे मान्य. पण कासवाला फक्त एक कोपरा आणि ओलं फडकं लागतं, कोणी बसून राहावं लागत नाही. ते चांगलं हालचाल करू लागलं, डोकं उचलून श्वास घेऊ लागलं, की इंजिन न्यूट्रलला आणायचं, पाण्यात जाळं नाही याची खात्री करायची आणि होडीचा काठ जिथे पाण्याला सर्वांत जवळ असेल तिथून हळूच सोडायचं. उंचावरून फेकायचं नाही. ते पंख्यापासून लांब गेल्यावरच गिअर टाकायचा.

मुळात कासव खोल्यापर्यंत, म्हणजे मासळी साठते त्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीपर्यंत, पोहोचूच नये, यासाठी ट्रॉलमध्ये लावायची चौकट आहे, तिला टेड म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या ट्रॉलसाठी ती तयार केली आहे. खोल्याच्या अलीकडे तिरपी बसवलेली धातूची लंबगोल चौकट आणि तिला उभे गज. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर सरकत वरच्या झडपेतून बाहेर पडतं. 'मासळी जाते' ही तक्रार खोटी नाही, पण बहुतेक वेळा दोष बसवणीत असतो. चौकट फार आडवी झाली की पाण्याचा झोत झडपेकडे वळतो आणि माल निघून जातो. फार उभी झाली की कासव आणि कचरा गजांवरच अडकून राहतो, गाळे बुजतात, आणि मग खरंच काही मागे जात नाही. पाण्यात ओढताना ४५ ते ५५ अंशांचा कोन धरला तर काम चोख होतं. जाळं ताणलं की कोन बदलतो, म्हणून तो बंदरावर टांगून एकदा मोजला आणि विसरलं असं चालत नाही. चौकटीला पुरेसे फ्लोट नसतील तर ती चिखलात रुतते. आणि झडप शिवून टाकली, तर टेड असून नसल्यासारखंच.

यात पैशाचाही प्रश्न आहे. कासव वाचवणारी चौकट नसलेल्या देशांतली कोळंबी घ्यायची नाही हा अमेरिकेचा १९८९ चा कायदा. त्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया, थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले, १९९८ मध्ये निकालही लागला, पण कायदा उरला. २०१९ पासून आपली समुद्रातून पकडलेली कोळंबी अमेरिकेत जात नाही. तळ्यातली जाते.

गिलनेट (पाण्यात उभं सोडलेलं जाळं) किंवा रापणीत (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) अडकलेल्या कासवासाठी जाळं कापावं लागतं, आणि ते कापताना हात का थांबतो हे कोणालाही कळेल. राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये ठरवलं, की संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. कासवाबरोबर देवमुशी (व्हेल शार्क) आणि डॉल्फिनलाही हे लागू आहे. त्यासाठी प्राणी जाळ्यात असतानाचा, सोडतानाचा आणि कापलेल्या जाळ्याचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, नौकेची कागदपत्रं लागतात, आणि अर्ज मत्स्यव्यवसाय विभागाकडे जातो. माझ्या मते रकमेपेक्षा मोठा फायदा दुसराच आहे. पूर्वी वन्यजीव कायद्याच्या धास्तीने असा प्रसंग लपवला जायचा, आता तो उघडपणे सांगता येतो. एका खलाशाकडे मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवायला सांगा. फोटोविना अर्ज उभा राहत नाही.

पावसाळ्यात गोष्ट वेगळी. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा तरंगणारं सगळं किनाऱ्यावर आणून टाकतात, त्यात टाकून दिलेल्या नायलॉन जाळ्यांचे तुकडे असतात आणि त्यात गुरफटलेली कासवंही. दोरा पायात रुतून रक्त थांबतं, पाय सडतो, कधी तुटून पडतो. असं कासव दिसलं की लोक कळवळून त्याला परत समुद्रात ढकलतात. कृपा करून असं करू नका. ते थकलेलं, अनेकदा न्यूमोनिया झालेलं असतं, बुडी मारू शकत नाही, म्हणूनच लाटेबरोबर आलेलं असतं. सैल दोरा बोथट टोकाच्या कात्रीने कापा. मांसात रुतलेला ओढू नका, तो डॉक्टरांवर सोडा. सावली करा, ओलं फडकं टाका, कुत्री आणि गर्दी लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे, तिथे पोहोचेपर्यंतचे तास महत्त्वाचे असतात. फोनवर गाव, जवळची खूण, कासव अंदाजे किती लांब आहे, श्वास घेतंय का आणि कुठला पाय अडकला आहे एवढं सांगा.