कोकणातला पाऊस आणि बर्फावरची पॅन्ट

बर्फातल्या चढाईसाठी सामान जमवतोय. बूट आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर घालायचं आवरण) झाले, आता वरून घालायची वॉटरप्रूफ पॅन्ट. बेत असा: पाऊस ओसरला की मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यातून फ्रेंडशिप शिखर, ५,२८९ मीटर. चिपळूणला राहणाऱ्याला पाऊस शोधत हिंडावं लागत नाही, म्हणून जुलैभर दोन पॅन्ट आलटून पालटून वापरल्या. एक माझी जुनी, अडीच थरांची (बाहेरचं कापड, पाणी अडवणारा पडदा आणि आतून नुसता पातळ लेप), हलकी, चेन घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच. दुसरी ग्रुपमधल्या मित्राची, तीन थरांची (आतून लेपाऐवजी पूर्ण कापड), जड, दोन्ही बाजूंना कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण चेन.

रसाळगड-सुमारगडच्या वाटेवर दोन्ही पॅन्ट आतून ओल्या झाल्या. मित्राचं म्हणणं, दोन्ही गळतात. मला ते पटेना. म्हणून न्हाणीघरात पॅन्ट उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, कमरेकडून टांगली, पायांची टोकं सुतळीने आवळली आणि आत पाणी भरून ठेवलं. उलटी अशासाठी, की पाणी पावसासारखं बाहेरच्या बाजूनेच कापडावर दाबलं जावं. जड पॅन्टमधून थेंबही आला नाही. हलकीच्या बुडाशी, चार शिवणी मिळतात तिथे, टेप सुटली होती आणि पाणी झिरपत होतं. म्हणजे मित्राच्या पॅन्टमधली ओल पावसाची नव्हती, घामाची होती.

कोकणात पॅन्टची परीक्षा घेणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं. मेंब्रेन, म्हणजे कापडातला पाणी अडवणारा पडदा, घाम ओढून घेत नाही. आतल्या बाष्पाचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ते बाहेर जातं. अंगाजवळची घामेजलेली हवा ३४ अंशांची धरली, तर तिच्यात बाष्पाचा दाब सुमारे ५३ मिलिबार. बाहेर २६ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर तिथेही ३२ मिलिबार. फरक उरला २१. तेच उणे ५ अंशांच्या थंडीत बाहेर जेमतेम ४ मिलिबार असतात, फरक ४९, दुपटीहून जास्त. (तिथे वाफ कापडाच्या आतल्या बाजूला गोठू शकते, तो त्रास वेगळा.) त्यात आपल्याकडच्या धारेखाली वरचं कापड भिजून चिकटतं, की उरलासुरला मार्गही बंद. तेव्हा ‘श्वास घेणारी’ पॅन्ट खरंच श्वास घेते का, याचा निकाल सह्याद्रीतल्या जुलैत लागत नाही. शिवणी, चेन आणि गुडघे यांचा मात्र लागतो. किती बाष्प बाहेर जातं याचे कंपन्या छापतात ते आकडेही वेगवेगळ्या चाचण्यांचे असतात, दोन लेबलं शेजारी ठेवून तुलना करू नका.

कापड किती दाबाचं पाणी अडवतं, याच्या लेबलावरच्या आकड्याचं गणित सोपं आहे. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. पावसाला तेवढा जोर कधीच नसतो. पण ओल्या बर्फात गुडघा टेकून ३० किलो भार ३० चौरस सेंटीमीटरवर आला की तोच दाब झाला. म्हणून गुडघ्यावर आणि बुडावर कापड जाड हवं, आणि आकडा २०,००० च्या आसपास असेल तर बरं.

माझा निर्णय मात्र घरच्या पडवीत झाला. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले लोखंडी दात), जाड हातमोजे, सगळं चढवून जांभ्याच्या पायरीवर बसलो आणि वर पॅन्ट घालायला घेतली. हलकीत पाय घालताना क्रॅम्पॉनचा दात आतून कापडात अडकला. शेवटी क्रॅम्पॉन काढावे लागले. (शेजारच्या काकू कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.) जडची चेन पूर्ण उघडून ती मागून कमरेला लावली, बाजूने खाली बंद केली, झालं. उतारावर, बिलेच्या जागी (जोडीदाराचा दोर सांभाळायच्या जागी) उभं राहून क्रॅम्पॉन काढणं म्हणजे नसता धोका. शिवाय चढताना तापलं तर हीच चेन मांडीपाशी उघडून हवा घेता येते, आणि ती मेंब्रेनपेक्षा भरवशाची. थंड, कोरड्या हवेत बरेचजण सॉफ्टशेलच (लवचिक, हवा खेळती ठेवणारी, पण पूर्ण वॉटरप्रूफ नसलेली पॅन्ट) घालून चढतात आणि ही पॅन्ट सॅकमध्ये ठेवतात. तिथेही ती पटकन चढवता येणं महत्त्वाचं. घोट्याच्या आतल्या बाजूला दातांपासून वाचवणारा जाड पट्टा हवाच.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी जपणुकीचं थोडं. पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत हळूहळू विघटन पावतो, सालपटं निघतात. पावसाळ्यात पॅन्ट ओली सॅकमध्ये कोंबून ठेवली तर आधी बुरशी, मग हे. खाऱ्या हवेत चेनचे धातूचे रनर अडतात, गोड्या पाण्याने धुऊन घ्या. वरच्या कापडावरचं पाणी झटकणारं फिनिश मेलं असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, ऊब द्यावी लागते. लेबलावर इस्त्री चालते असं असेल तरच, मध्ये कापड ठेवून, मंद.

तर पूर्ण चेनवालीच घेणार. अडचण लांबीची आहे. चेन थेट टोकापर्यंत जात असल्याने शिंप्याकडे देऊन पाय आखूड करता येत नाहीत, आणि फोटो बघून मागवलेली जोखीम नको. पुढच्या आठवड्यात बूट आणि हार्नेस सॅकमध्ये भरून मुंबईला जातो आणि दुकानातच सगळं चढवून, गुडघा छातीपर्यंत उचलून बघतो.