किरायाच्या घरांना महापालिकेचा परवाना: एका घरमालकाचे म्हणणे

घर किरायाने देण्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागेल, अशी नुसती कल्पना मांडली तरी नागपुरातले घरमालक अस्वस्थ होतात, हे त्रिमूर्तीनगर आणि प्रतापनगर भागातल्या ओळखीच्या घरमालकांशी बोलताना मी अनेकदा पाहिले आहे. आपल्याकडे राहत्या घरासाठी असा परवाना लागत नाही. इंग्लंडमध्ये अनेक घरांना तो लागतो, आणि लंडनच्या न्यूहॅम भागात माझ्या भाच्याने एक फ्लॅट भाड्याने दिलेला असल्यामुळे त्याचे बरेवाईट मी त्याच्याकडून ऐकत आलो आहे. मीही आमच्या घराचा वरचा माळा किरायाने देतो, म्हणजे या प्रश्नात माझे हितसंबंध गुंतलेले आहेत. तरीही असा परवाना आपल्याकडे यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र अधिकाऱ्याने आधी घर पाहावे आणि मगच शुल्क घ्यावे, ही अट मी सोडायला तयार नाही.

इंग्लंडमधली व्यवस्था २००४ च्या गृहनिर्माण कायद्यावर उभी आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतली मिळून पाच किंवा अधिक माणसे एकाच घरात राहून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामायिक वापरत असतील, तर त्या घराला परवाना सक्तीचा आहे. पूर्वी त्यासाठी इमारत किमान तीन मजली असण्याची अट होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती काढण्यात आली. याखेरीज स्थानिक परिषदेला, म्हणजे तिथल्या महापालिकेला, एखादा भाग निवडून तिथल्या सर्व खासगी भाड्याच्या घरांना परवाना लागू करता येतो. न्यूहॅमने २०१३ मध्ये आपल्या संपूर्ण हद्दीत तो लागू केला. परवान्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, आणि विनापरवाना घर भाड्याने देणाऱ्याला ३०,००० पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार २०१७ पासून परिषदांना मिळाला. भाडेकरूलाही न्यायाधिकरणाकडे जाऊन दिलेले भाडे परत मागता येते. मोठ्या क्षेत्रासाठी योजना आणायची तर पूर्वी मंत्र्यांची मंजुरी लागत असे. डिसेंबर २०२४ पासून तीही लागत नाही, त्यामुळे तिथल्या घरमालकांचा विरोध अलीकडे अधिकच तीव्र झाला आहे.

माझ्या भाच्याची तक्रार तीच तिथल्या बहुतेकांची तक्रार आहे. नियमाने वागणारा मालक अर्ज करतो, शुल्क भरतो, गॅसच्या वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र जोडतो, आणि ज्याने दोन खोल्यांत दहा माणसे कोंबली आहेत तो परिषदेच्या वाटेला जातच नाही. दुसरे म्हणणे असे की गॅस, वीज आणि दाटीवाटी यांविषयीचे कायदे आधीपासून आहेत, मग परिषदेने तेच का वापरू नयेत? पहिला मुद्दा मला पूर्ण पटतो. जी परिषद लपलेली घरे शोधायला माणसे नेमत नाही, तिने परवान्याचे नाव घेऊ नये. दुसऱ्या मुद्द्यात मात्र एक गोष्ट नजरेआड होते. एरवी चक्रे हलण्यासाठी बहुधा भाडेकरूने तक्रार करावी लागते, आणि घर सोडावे लागेल या धास्तीने तो ती करत नाही. परवान्याची पद्धत असेल तर कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता अधिकारी दारात येऊ शकतो, आणि भाडेकरूवर चुगलीचा आळ येत नाही. हा फरक लहान नाही.

नागपूरच्या घरमालकांची भीती वेगळ्या मुळातून आली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश लागू होता, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अमलात येईपर्यंत तो चालला. त्या आदेशाखाली घर रिकामे झाले की मालकाने प्रशासनाला कळवायचे, आणि प्रशासन ते घर एखाद्या सरकारी नोकराला देण्याचा हुकूम काढू शकत असे. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी मिळवायची, आणि ती हाती आल्यावर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. महाल, इतवारी, सीताबर्डी, धरमपेठ इथल्या जुन्या कुटुंबांमध्ये ज्यांच्या वडिलांनी ही दुहेरी लढाई लढली, त्यांना ‘परवानगी’ हा शब्द ऐकला तरी कचेरीच्या खेपा आठवतात. त्यांना जुनाट विचारांचे म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल.

पण आजचा कायदा पाहा. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि वाद उद्भवला तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. महापालिका हद्दीत नोंदणीचे शुल्क १,००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळे. त्याशिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही मुख्य भर करार, अनामत रक्कम आणि ताबा यांवरच आहे. म्हणजे भाडेकरू कोण, मालक कोण, रक्कम किती आणि मुदत किती, हे सारे सरकारदरबारी नोंदले जाते. ज्या खोलीत माणूस झोपणार ती खोली राहण्याजोगी आहे की नाही, हे पाहायला कोणीही येत नाही.

उन्हाळ्यात नागपूरच्या कोणत्याही वस्तीत ही उणीव डोळ्यांना दिसते. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर ठेवलेला असतो, पंपाची वायर टाकीच्या कडेवरून आत सोडलेली असते, आणि तिला जोड दिला असेल तर त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे असतात. जुन्या घराच्या वायरिंगला अर्थिंग नसते, असले तरी खड्डा कोरडा पडलेला असतो, आणि वरच्या खोल्यांसाठी मालकाने सबमीटर बसवताना खालचीच लाइन ओढलेली असते. संध्याकाळी कोचिंग क्लासवरून आलेला मुलगा अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून कूलर चालू असतानाच टाकीत पाणी सोडतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे दगावतात आणि महावितरण दरवर्षी सावधगिरीचे आवाहन करते, पण आवाहनाने वायरिंग बदलत नाही. कूलर भाडेकरूचा असो, मालकाचा असो की हंगामापुरता किरायाने आणलेला असो, भिंतीतली वीज मालकाची असते. वीज गळताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग एवढ्याने हे मृत्यू बव्हंशी टळू शकतात. हिवाळ्यात हाच धोका गॅस गिझरचा होतो: झरोका नसलेले छोटे न्हाणीघर, थंडीमुळे घट्ट बंद केलेली खिडकी, आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला वायू. घर दाखवताना हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

महापालिकेने परवाना आणलाच, तर नागपुरात एक अडचण पहिल्याच दिवशी उभी राहील. नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, मंजुरीविना पडलेल्या ५७२ आणि १९०० लेआउटच्या घोळात अडकलेल्या असंख्य घरांपैकी कित्येकांकडे अजून आरएल, म्हणजे नियमित झाल्याचे पत्र, नाही, अनेकांच्या वरच्या मजल्याचा नकाशा मंजूर नाही, आणि शहरातली स्वस्त किरायाची घरे मोठ्या प्रमाणावर याच भागांत आहेत. परवान्यासाठी मंजूर नकाशा मागितला तर हे मालक अर्जच करणार नाहीत. घर पुन्हा अंधारात जाईल आणि तिथला किरायेदार अधिकच असुरक्षित होईल. म्हणून बांधकाम नियमित आहे का हा प्रश्न आणि घर सुरक्षित आहे का हा प्रश्न महापालिकेने वेगळे ठेवावेत, आणि परवान्याच्या अर्जातली माहिती बांधकामावरील कारवाईसाठी वापरली जाणार नाही, असे नियमातच लिहावे. हे न लिहिता कोणी सहकार्याची अपेक्षा करू नये.

सुरुवात सरसकट सगळ्या घरांपासून करण्याचीही गरज नाही. आपल्या घराची एक खोली देऊन पेन्शनला हातभार लावणाऱ्या विधवा बाईला आणि कोचिंग क्लासेसच्या परिसरात प्लायवूडची पार्टिशन घालून एकेका मजल्यावर मुले ठेवणाऱ्या मालकाला एकाच तराजूत तोलता येणार नाही. इंग्लंडने पाच माणसांची जी मर्यादा घातली, तशी मर्यादा ठेवून आधी दाटीवाटीच्या इमारती घ्याव्यात. तपासणाऱ्याने वायरिंग, अर्थिंग, गिझर, जिना, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आणि पिण्याचे पाणी एवढेच पाहावे, आढळलेली उणीव त्याच वेळी मालक आणि भाडेकरू या दोघांनाही लेखी द्यावी, आणि दुरुस्तीला ठरावीक मुदत द्यावी. दुरुस्तीच्या निमित्ताने भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही, हेही परवान्याच्या अटींत असावे. शुल्क खोल्यांच्या संख्येवर ठरावे, ते तपासणीच्या कामासाठीच खर्च व्हावे, आणि ज्या घराची तपासणी अर्जानंतर ठरलेल्या मुदतीत झाली नाही त्याचे शुल्क मालकाकडून घेऊच नये. एवढी हमी असेल, तर आमच्या भागातले बरेच घरमालक आजचा विरोध सोडतील, असे त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून मी खात्रीने म्हणू शकतो.