गाठ आजची, प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीचे

आईच्या डाव्या स्तनात गाठ हाताला लागली तेव्हा ती 54 वर्षांची होती. नाशिकला कर्करोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा केसपेपर भरून घेणाऱ्या मुलीने तिला विचारले, पाळी कितव्या वर्षी सुरू झाली, पहिले बाळंतपण कितव्या वर्षी झाले, मुलांना किती महिने अंगावर पाजले. आईने बोटांवर हिशेब केला. "पदर आला तेव्हा मी नववीत होते, म्हणजे पंधरा लिहा." बाहेर बाकड्यावर बसल्यावर मात्र ती मला म्हणाली, "गाठ आत्ता आली, मग तेव्हाचे कशाला विचारतात गं?" उपचारांच्या धावपळीत मी तिला काहीच सांगितले नाही. ती आता बरी आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे माझ्याकडून राहून गेले आहे.

हृदय, मूत्रपिंड, यकृत ही सारी इंद्रिये जन्मताना जवळपास पूर्ण रूपात असतात. स्तनाचे तसे नाही. जन्माच्या वेळी तिथे दुग्धनलिकांच्या मोजक्या फांद्या असतात आणि पाळीच्या आधीच्या दोनतीन वर्षांपर्यंत त्या जवळजवळ निजलेल्याच राहतात. वयात येताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते, नलिका लांबू लागतात आणि त्यांच्या टोकांना फुगीर कोंब येतात, ज्यांतल्या पेशी फार वेगाने विभागत असतात. पेशी विभागताना तिच्या जनुकांची नक्कल होते, आणि त्या घाईत झालेली इजा दुरुस्त न होता पुढच्या पेशींत उतरण्याची शक्यता वाढते. पहिले बाळंतपण पूर्ण दिवसांचे झाले की या टोकांचे दूध तयार करणाऱ्या पक्व खंडिकांत रूपांतर होते, आणि मग त्यांना अशी इजा तितक्या सहज होत नाही. होसे आणि इर्मा रूसो या शास्त्रज्ञ दांपत्याने उंदरांवर नेमके हेच दाखवले: कर्करोगकारक रसायन कोवळ्या, न व्यायलेल्या माद्यांना दिले तर गाठी मोठ्या प्रमाणात आल्या, आणि पिल्ले झालेल्या माद्या बऱ्याच अंशी बचावल्या.

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे, त्यामुळे हे वाचताना मला बागच आठवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि पुढच्या दीडदोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे बंद कोंबाच्या, आत सूक्ष्म घड तयार होतो. डोळा बाहेरून मुगाएवढा, तपकिरी, बंद. भावाने एकदा तो ब्लेडने उभा चिरून मला दाखवला होता, तरी नुसत्या डोळ्यांना काही कळले नाही, भिंगच लागले. त्या दिवसांत आभाळ भरून राहिले तर नुकसान तेव्हा दिसत नाही. ते दिसते ऑक्टोबर छाटणीनंतर, जेव्हा फुटवे जोमाने येतात आणि मालच नसतो. बागाईतदार म्हणूनच आधी पाऊस किती पडला हे विचारत नाही, बाग कोणत्या अवस्थेत होती हे विचारतो. डॉक्टरांचे प्रश्न त्याच जातीचे होते.

माणसांच्या बाबतीतला सर्वांत स्पष्ट, आणि सर्वांत दुःखद, पुरावा हिरोशिमा आणि नागासाकीचा आहे. ऑगस्ट 1945 मध्ये किरणोत्सर्ग सगळ्यांवरच झाला, पण पुढे स्तनकर्करोगाचा धोका सर्वाधिक वाढलेला आढळला तो त्या वेळी 20 वर्षांच्या आत असलेल्या मुलींमध्ये. चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये ही वाढ फारच थोडी होती. त्या मुलींना गाठी लगेच आल्या नाहीत, ज्या वयात हा आजार एरवी होतो त्या वयात आल्या. हॉजकिन्स लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी 10 ते 30 या वयात छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींची तपासणी इतरांपेक्षा कितीतरी आधी सुरू करतात, ती याच कारणाने. कॅलिफोर्नियातल्या 2007 च्या एका अभ्यासात डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू झाला तेव्हा 14 वर्षांच्या आत असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण जास्त होते, त्यांच्यात हा धोका पाचपट आढळला. त्याआधीच मोठ्या झालेल्या स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. आईच्या लहानपणी गावात मलेरियासाठी घरोघर डीडीटी मारायला माणसे येत, भिंती पांढुरक्या होत. तिच्या गाठीचे कारण मी त्यात शोधत नाही, कारण एका बाईच्या आजाराला असे एकच कारण लावताच येत नाही.

बाळंतपणाबद्दल मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण इथे चुकीचा अर्थ काढणे फार सोपे आहे. पहिले मूल लवकर झाले तर आयुष्यभराचा धोका कमी राहतो, हे 1970 पासून ठाऊक आहे. पण प्रत्येक बाळंतपणानंतर काही वर्षे धोका उलट थोडा वाढलेला असतो आणि संरक्षण नंतर मिळते. शिवाय कोवळ्या वयातले गरोदरपण आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. आपल्या जिल्ह्यात आजही दहावीच्या आतच मुलींची लग्ने उरकली जातात. कोणी या संशोधनाचा आधार घेऊन त्याचे समर्थन केले, तर ते मला मुळीच मान्य नाही. अंगावर पाजण्याचे मात्र निःशंकपणे सांगता येते: 30 देशांतील 47 अभ्यास एकत्र करून 2002 मध्ये असे दिसले की पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका 4.3 टक्क्यांनी कमी होतो.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीची पाळी सुरू झाली, दहाव्या वर्षी. पाळी जितकी वर्षे आधी येते तितका दर वर्षामागे धोका साधारण 5 टक्क्यांनी वाढतो, हे वहिनीने कुठेतरी वाचले होते आणि ती रात्रभर झोपली नव्हती. मी तिला समजावले की हे 5 टक्के म्हणजे शंभरातल्या पाच मुली नव्हेत. मुळात जो धोका आहे, त्यात त्याचाच विसावा भाग मिळवायचा, इतकेच. मुलीने खेळावे, पुढे दारू आणि सिगारेटपासून लांब राहावे आणि छातीचे सीटी स्कॅन गरजेशिवाय करू नये, एवढे आपल्या हातात आहे. गरज असेल तर मात्र ते टाळू नये.

आई शेजारी बसून सगळे ऐकत होती. "म्हणजे त्या पोरीने मला बागेचा हिशेब विचारला होता तर," ती म्हणाली. मग वहिनीकडून लसीकरणाचे जुने कार्ड मागून घेऊन तिने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भाचीच्या पहिल्या पाळीची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली.